ठिपका असेल ते माझं

प्रिय श्वेंकसाहेब,

बॉयलर ठीक आहे. काटा हिरव्या पट्ट्यात आहे, आत्ताच तळघरात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं तुम्ही वाचणारच नाही. तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. नोव्हेंबरपासून तुमच्या हातचं आलेलं पहिलं अक्षर, आणि तो शब्द कोणता, तर ‘बॉयलर?’. खाली नर्सबाईंनी लिहिलंय की एवढं लिहायला तुमच्या डाव्या हाताला अर्धी सकाळ लागली. अहो, अर्धी सकाळ घालवायचीच होती तर ‘कशा आहात?’ तरी लिहायचं! पण नाही. आधी बॉयलर, मग माणसं. पहिल्या मजल्यावरच्या नुरजानला दाखवलं, तर ती हसत हसत जिन्यातच बसली आणि म्हणाली, “गुड्रुनताई, काका बरे होतायत!” मग आम्ही दोघीही थोडं रडलो. ते कार्ड मी स्वयंपाकघरात घड्याळाखाली लावलंय.

तुमच्या मुलाचं, व्होल्करचं म्हणणं, ईस्टरपर्यंत हाम्बुर्गच्या त्या वृद्धाश्रमाला लेखी होकार कळवायचा आहे. खोली राखून ठेवलीय आणि खिडकीतून बंदर दिसतं म्हणे. बंदर काय करायचंय तुम्हाला? सगळा जन्म एसलिंगनमध्ये द्राक्षमळ्यांच्या उतारावर गेलाय तुमचा. पण पक्षाघाताच्या झटक्यानंतर उजवा पाय तुमचं ऐकत नाही, घराला लिफ्ट नाही आणि तुमचं बिऱ्हाड सगळ्यांत वरच्या मजल्यावर, हेही खरंच आहे. त्याबद्दल पुढे लिहिते. शेवटी एक अर्ज आहे, त्यावर घरमालकाची सही लागते. म्हणून हे पत्र ईस्टरच्या आत तुमच्यापर्यंत पोहोचायला हवं. आणि मधेच शेवटचं पान उघडून बघू नका, मी ओळखते तुम्हाला. नर्सबाई वाचून दाखवत असतील तर त्यांनाही सांगते: बाई, पानं क्रमानंच वाचा, त्यांनी कितीही हात केला तरी.

नर्सबाई, कार्डावर तुमचं नाव वाचलं, पोलंडचं दिसतंय. म्हणजे आमच्या स्वाबियातला झाडूचा आठवडा तुम्हाला ठाऊक नसणार. आमच्याकडे एक पाटी असते, दाराच्या मुठीला लटकवायची. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा तो आठवडा. धाकटा आठवडा म्हणजे आपल्यासमोरचा जिना. थोरला आठवडा म्हणजे तळघर, अंगण, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फ. शनिवारी झाडून-पुसून झालं की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. जिना घाण आहे की नाही, याचा काही संबंध नाही. दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लोरियान राहतो, बर्लिनचा आहे, शिकलेला आहे, पण तो राहायला आला तेव्हा मला म्हणाला, “माइलेबाई, जिना तर स्वच्छ आहे, झाडायचं काय?” मी म्हटलं, “बाळा, शनिवार आहे ना? मग झाडायचं.” आणि झाडताना सुपली कठड्यावर दोनदा आपटायची, म्हणजे घरभर ऐकू जातं की काम झालं. न आपटता झाडलं तर ते झाडलेलं धरत नाहीत. श्वेंकसाहेब मालक. मालकाला पाटी लागू नसते. तरी दर शनिवारी ते वरचा जिना झाडायचे आणि सुपली अशी आपटायचे की माझ्या कपाटातल्या बशा हलायच्या.

म्हणून तर नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी कळलं. मी तळमजल्यावर मसूर निवडत बसले होते. नुरजानची बादली वाजली, फ्लोरियानची सुपली वाजली, तीही एकदाच, आळशासारखी. आणि मग काहीच नाही. मला वाटलं, आज उशीर झाला असेल. तेवढ्यात नुरजान हातात ओला पोछा घेऊन खाली पळत आली. “गुड्रुनताई, आज काका वाजले नाहीत!” तुमच्या दारापाशी गेलो. बेल दाबली, दार ठोठावलं. आमच्या कुणाकडे तुमची किल्ली नाही आणि तुमच्याकडे आमची नाही, तुमचाच नियम. शेवटी फ्लोरियान मागे सरकला आणि लाथ घालणार, तेवढ्यात नुरजान ओरडली, “कुलपावर नको, ठिपका आहे! बिजागरीकडे मार!” देवा रे, त्या क्षणीसुद्धा आम्हाला ठिपका दिसत होता. तुम्ही स्वयंपाकघरात पडला होतात आणि सुपली हातात होती. ती तुम्ही सोडत नव्हता. अँब्युलन्सवाल्याने ती तुमच्या बोटांतून सोडवून माझ्याकडे दिली. ती माझ्याकडेच आहे, खिळ्याला टांगून ठेवलीय.

ठिपक्यांबद्दल एकदा बोलायलाच हवं. मी इथे राहायला आले तेव्हा डोंगरातला बनियनचा कारखाना बंद पडला होता, आई गेली होती, आणि माझ्याजवळ दोन बॅगा आणि शिलाई मशीन एवढंच होतं. तुम्ही दारात उभे. एका हातात भाडेकरार, दुसऱ्यात निळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा. “या” नाही, “बसा” नाही. “बाई, ठिपका असेल ते माझं, नसेल ते तुमचं. नंतर वाद नको.” आणि घरभर फिरलात. भिंतीच्या आतला पाइप तुमचा, म्हणून तो जिथे भिंतीतून बाहेर येतो तिथे ठिपका. नळाची चकती माझी. खिडकीची चौकट तुमची, मूठ माझी. छप्पर, पन्हळ, जिन्यातला दिवा, पुढचं दार, सगळ्यांना ठिपका. भिंतींना रंग देणं माझ्याकडे, आणि रेडिएटर गुरगुरायला लागला की छोट्या किल्लीने त्यातली हवा सोडणंही माझ्याकडे. बॉयलरला मात्र एक नाही, तीन ठिपके, म्हणजे कुणी अंधारात हात लावला तरी चुकून म्हणायला नको. मी मनात म्हटलं, गुड्रुन, कुठल्या वेड्याच्या घरात आलीस! पण रात्री पाठ टेकली तेव्हा पहिल्यांदाच बरं वाटलं. या घरात कशाला कोण जबाबदार आहे, ते कुणीतरी नीट ठरवून ठेवलं होतं. माझ्या आधीच्या आयुष्यात तसं कधी नव्हतं, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तो नळ आठवतो का? पहिल्याच वर्षी माझ्या मोरीतला नळ ठिबकायला लागला. मी म्हटलं, पाइपच गळतोय, म्हणजे तुमचं काम. तुम्ही म्हणालात, चकती झिजलीय, म्हणजे माझं. तुम्ही टॉर्च घेऊन मोरीच्या ओट्याखाली आडवे झालात, आणि तुमचे पाय माझ्या स्वयंपाकघरात बाहेर आलेले, मोज्यांना छान रफू केलेलं. तुमच्या लोरेबाई तेव्हा होत्या ना. पुष्कळ वेळाने तुम्ही बाहेर आलात आणि मला वाटलं आता हसाल, पण छे! “चकती. तुमचं काम.” आणि निघून गेलात. मी दारापर्यंत मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या. पाच मिनिटांत परत हजर, मुठीत एक नवीकोरी चकती. “ही माझ्याकडे उगाच पडून होती. बसवायची मात्र तुम्ही.” आणि स्टुलावर बसून मला सांगत राहिलात, पाना कुठे धरायचा, किती आवळायचा. हात एकदाही पुढे केला नाहीत. त्या दिवसापासून मला नळ दुरुस्त करता येतो. आता तर नुरजानचेही मीच करते, आणि तीही मला कॉफी पाजल्याशिवाय सोडत नाही.

आता जानेवारीतलं सांगते. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण आम्ही ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण आता तुम्ही बरे होताय, तेव्हा रागवून घ्या एकदाचं. भयंकर थंडी पडली. सगळ्यांचे रेडिएटर गुरगुरायला लागले. आम्ही शहाण्या भाडेकरूंसारखी आपापली किल्ली काढली आणि हवा सोडली. मी सोडली, नुरजानने सोडली, फ्लोरियाननेसुद्धा सोडली, कारण त्याला मीच वर जाऊन बोलले होते. तिन्ही घरांतली हवा गेली तशी पाण्याचा दाबही गेला, काटा खाली उतरला आणि बॉयलर बंद. सगळ्यांना माहीत होतं काय करायचं: तळघरात नळी लटकलेली आहे, ती लावायची, नळ फिरवायचा, काटा वर आला की बंद. पोरंसुद्धा करतील. पण त्या नळाला ठिपका. तो तुमचा. आणि तुम्ही तिकडे, इस्पितळात.

मग काय झालं असेल? आम्ही ओव्हरकोट घालून बसलो. खोटं नाही सांगत. फ्लोरियान म्हणाला, “अहो, नळ फिरवा ना, काय देवळातला आहे का तो?” नुरजान त्याच्यावर अशी खेकसली, “मालकाच्या नळाला हात? तुझ्या बर्लिनला चालत असेल!” मिस्त्रीला बोलवावं, तर बोलवणार कोण? ते मालकाचं काम. व्होल्करचा फोन लागत नव्हता. नुरजानने मोठ्या पातेल्यात मसुराचं सूप केलं, पुदिना आणि लाल तिखटाचं तूप वरून घातलं, आणि आम्ही तिघं माझ्या स्वयंपाकघरात ओव्हन उघडा ठेवून बसलो. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी फ्लोरियानला शिंका सुरू झाल्या, नुरजानची बोटं निळी पडली, आणि मला एकदम स्वतःचाच राग आला. आपण तुमचा मान राखतोय, की तुम्ही परत येणार नाही असं धरून चाललोय? कारण तुम्ही येणार असाल, तर तुमचं घर तोवर गरम ठेवायला नको? मी तळघरात गेले. एकटीच गेले. नळापाशी उभी राहून मोठ्याने म्हटलं, “माफ करा, श्वेंकसाहेब,” आणि ठिपक्यावर बोट ठेवून नळ फिरवला. पाणी गेल्याचा आवाज आला आणि काटा हळूहळू वर सरकला. वरून नुरजान ओरडली, “आलं! कोमट झालं!” मला तेव्हा हसूही आलं आणि रडूही. त्यानंतर दर सोमवारी मी काटा बघते. फक्त बघते.

फेब्रुवारीत व्होल्कर आला. टेप घेऊन आला होता, काय मोजायचं होतं ते त्यालाच ठाऊक. वर तुमच्या घरात जरा वेळ काढला आणि खाली आला तेव्हा चेहरा उतरलेला. मी त्याला श्पेट्झलेच्या शेवया वाढल्या, मसूर वाढले, सॉसेज दिलं. पोरगा वाईट नाही, श्वेंकसाहेब. त्याची चिंता खरी आहे. त्याला हाम्बुर्गहून दर आठवड्याला येता येत नाही, तुम्हाला एकटं ठेवता येत नाही. पण जेवून झाल्यावर तो ताटाकडे बघत म्हणाला, “माइलेबाई, खरं सांगू? मी बाबांना म्हटलं होतं, तळमजला आपल्याला हवा. मालकाला स्वतः राहायला घर हवं असेल तर भाडेकरूला सोडायला सांगता येतं, कायदा आपल्या बाजूने आहे. एक पत्र पाठवायचं, बस.” मी म्हटलं, “मग?” तो म्हणाला, “बाबांना तेव्हा धड बोलताही येत नव्हतं. डावी मूठ टेबलावर अशी आपटली की पाण्याचा ग्लास पडला. आणि तोंड वाकडं करत करत म्हणाले, ‘तिने एक शनिवार चुकवला नाही.’ दुसऱ्या दिवशी स्वतःच हाम्बुर्गला हो म्हणाले.”

मी ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं, आणि तिथेच उभी राहिले. तुमच्यावर इतकी चिडले होते मी. इतकी! तुम्ही माझ्या घरासाठी तुमचं घर सोडायला निघालात आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत. म्हणे वाद नको. आणि तो राग खाली बसला तेव्हा त्याच्याखाली जे होतं ते मला चांगलंच ओळखीचं होतं, बरीच वर्षं मी ते घासून-पुसून ठेवून दिलंय. तुमची आठवण येते. झालं, लिहिलं. शनिवारी तर फार येते. नर्सबाई, तुम्ही इथे जरा थांबलात तरी चालेल, त्यांना पाणी द्या.

आधी मला सोपा मार्ग सुचला. अदलाबदल. तुम्ही तळमजल्यावर या, मी वर जाते, माझे गुडघे अजून शाबूत आहेत. व्होल्करने किल्ली दिली आणि मी नुरजानला घेऊन वर गेले, खोल्या बघायला. तुमच्या लक्षात आलंय का, तुम्ही पडलात तो शनिवार सोडला तर इतक्या वर्षांत मी तुमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं? तुम्हाला आगाऊ कळवून माझं घर तपासायचा हक्क होता, आणि तुम्ही तो दर वसंतात बजावलात, बूट बाहेर काढून. मला तुमचं तपासायचा हक्क नव्हता. आता नीट बघितलं. माफ करा, पण बोलणारच. मोरीतला नळ ठिबकतोय. खिडकीची मूठ दोऱ्याने बांधलीय. लोरेबाई गेल्यापासून भिंतींना रंग नाही. दिवाणखान्याचा दिवा गेलेला, आणि त्याच्याखाली टेबलावर टॉर्च. आमच्या जिन्यातला दिवा गेला की दुसऱ्या तासाला शिडी घेऊन येणारा माणूस, तो स्वतः टॉर्च लावून जेवत होता! नुरजान खोल्याखोल्यांतून फिरली आणि हळूच म्हणाली, “ताई, इथे ठिपकाच नाही.” खरंच नव्हता. बाहेर कुलपाला तेवढा होता, आत नळाला नाही, खिडकीला नाही, कुठेच नाही. मला आधी कळेना. मग कळलं. ठिपका वाटणीसाठी असतो. इथे तुम्ही कुणाशी वाटून घेणार होता?

मी खाली आले ते अदलाबदलीचा विचार सोडूनच. उद्या तुम्ही तळमजल्यावर एकटे आणि मी वर एकटी, तर पुन्हा तेच. तुमचा नळ खाली ठिबकणार, माझा वर. आणि एखाद्या शनिवारी तुम्ही वाजला नाहीत तर मला तीन जिने उतरून यावं लागेल. नको. मी दुसरं काहीतरी केलंय, आणि तुमची परवानगी न घेता केलंय, तेवढं आधी कबूल करते. अंगणाकडच्या खोलीतली शिलाई मशीन मी पुढच्या खोलीत आणली. त्या खोलीला रंग दिला, फिकट पिवळा, ते माझंच काम आहे. फ्लोरियानने उंबरठा रंधा मारून सपाट केला, म्हणजे चाकाची खुर्ची आत येते. तो आता सुपली दोनदा आपटतो, सांगायचं राहिलं. न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडी लागेल, ती आणून ठेवलीय, पण भिंतीला भोक पाडायला मालकाची परवानगी लागते, म्हणून बसवलेली नाही. यावर नुरजानशी माझं भांडण झालं. ती म्हणते, “दांडी भिंतीत जाते, म्हणजे काकांची.” मी म्हणते, हात धरणार तो बाहेरच्या भागाला, म्हणजे माझी. तुम्ही आल्यावर टॉर्च घेऊन बघा आणि निकाल द्या.

आता अर्ज. आपल्या करारात एक कलम आहे, तुम्ही मला पहिल्या दिवशी दोनदा वाचून दाखवलं होतं: भाडेकरूला आपल्या घरात पोटभाडेकरू ठेवायचा असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्यावी. त्यानुसार मी, तळमजल्यावरची भाडेकरू गुड्रुन माइले, अंगणाकडच्या खोलीत एक पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगी मागते. मालकाला त्याची माहिती विचारायचा हक्क आहे, ती अशी. नाव, हार्टमुट श्वेंक. विधुर. पूर्वी कारखान्यात फिटर, सध्या घरमालक. धूम्रपान नाही. सवयी: कुरकुर करतो, बॉयलरची चौकशी करतो, तब्येतीची करत नाही. मोज्यांना भोकं पडलेली असणार, ती मी बघेन. खोलीतल्या खिडकीची मूठ आणि रेडिएटरची हवा त्याच्याकडे राहील, डाव्या हाताने जमतं, मी करून बघितलंय. बटाटे सोलणंही त्याच्याकडे. रात्री हाक मारली तर उठणं माझ्याकडे. झाडूच्या आठवड्यातून त्याला सुटका नाही. खुर्चीत बसून, आखूड दांड्याच्या झाडूने, दारापुढचा जिना. कायदा मी वाचनालयात जाऊन वाचला: पोटभाडेकरूच्या स्वभावात किंवा वागण्यात काही मोठी खोट असेल, तर मालक नकार देऊ शकतो. इतकी वर्षं मी त्या माणसाला बघतेय. मला त्याच्यात तशी खोट सापडलेली नाही. तुम्हाला सापडली असेल तर कळवा, पण ईस्टरच्या आत, आणि कारण लिहून. नसेल तर खाली सही करा, डाव्या हाताची चालेल, वाकडी असली तरी चालेल. पाटी मी माझ्या दाराला लावून ठेवलीय आणि तुमची सुपली खाली काढलीय. शनिवारी वाजली पाहिजे.

तुमची भाडेकरू, आणि आता लिहूनच टाकते, तुमचीच,
गुड्रुन